पिल्लू घरी आल्यापासूनचे चार महिने – शी-शू, चावणं, शब्द आणि घरातली माणसं

ओसरी

नमस्कार मंडळी,

जूनच्या शेवटच्या आठवड्यात, भर पावसात, आमच्याकडे तांबू आला. जवळच्या बांधकामावर एका देशी कुत्रीला पाच पिल्लं झाली होती, त्यातलं हे तांबूस अंगाचं आणि पांढऱ्या पायांचं. तेव्हा अंदाजे दहा आठवड्यांचा होता, आता साडेसहा महिन्यांचा आहे. दिवाळी नुकतीच पार पडली, घर जरा शांत झालंय, म्हणून या चार महिन्यांत जे कळलं ते लिहून ठेवते. आम्ही पुण्यात कोथरूडला चौथ्या मजल्यावर राहतो. घरात आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई.

पिल्लू पहिल्या दिवसापासून शिकतच असतं. आमची अडचण झाली ती आम्ही चौघं त्याला चार वेगवेगळ्या गोष्टी शिकवत होतो म्हणून.

आधी शब्दांचंच सांगते. आम्ही ठरवलं होतं की मराठीत शिकवायचं: बस, थांब, ये. आठवडाभर काही केल्या जमेना. मग एका रविवारी मी नुसतं ऐकत बसले. सासूबाई भात वाढून घेताना म्हणतात, "बस, बस झालं". लेक टीव्हीसमोर हटून बसली की नवरा म्हणतो, "बस आता". "ए" आणि "ये" तर दिवसभर घरात चालूच. म्हणजे जो शब्द पिल्लाने आपल्यासाठी म्हणून ओळखायचा, तो त्याच्या कानावर दिवसातून पन्नास वेळा पडत होता आणि पन्नासही वेळा त्याचा त्याच्याशी संबंध नव्हता. शिवाय "थांब" म्हटलं की तो उठून धावत यायचा. का, ते लेकीने ओळखलं. "तांबू" आणि "थांब" त्याच्या कानाला एकच होते!

मग शब्द बदलले. बसायला "सिट". थांबायला "धीर". बोलवायला "धाव", कारण आमच्या घरात एरवी हा शब्द कुणी वापरत नाही. तोंडातलं टाकायला "सोड". लेकीने हे चार शब्द कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवले. सासूबाईंच्या तोंडी "सिट" बसेना, तर त्यांनी हाताची खूण धरली: तळवा वर करून हात हळूच उचलायचा. दोन दिवसांत तो त्यांच्या हाताकडे बघून बसायला लागला, आमच्या शब्दांपेक्षा लवकर. कुत्री बोलण्यापेक्षा अंगाच्या हालचाली आधी वाचतात हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. तुमच्या घरात मोठी माणसं असतील, प्रत्येकाचे उच्चार वेगळे असतील, तर आधी खुणा शिकवा आणि मग त्यांना शब्द जोडा.

बसायला शिकवणं मात्र अगदी सोपं आहे. हरभऱ्याएवढा पनीरचा तुकडा नाकापासून एक बोटभर अंतरावर धरायचा आणि हळूहळू कपाळावरून मागे न्यायचा. डोकं वर गेलं की बूड आपोआप खाली टेकतं. टेकलं त्याच क्षणी "शाब्बास" आणि तुकडा तोंडात. कंबर दाबून बसवायचं नाही. तीन-चार मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, भूक असताना. याहून जास्त वेळ त्याचं लक्ष टिकत नाही. बक्षीस म्हणून आमच्याकडे पनीर, उकडलेलं गाजर, काकडी आणि त्याच्याच रोजच्या खाण्यातले दाणे चालतात. चॉकलेट, द्राक्षं, मनुके-बेदाणे, कांदा, लसूण आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले पदार्थ कुत्र्यांना विषारी आहेत. लहान मुलं प्रेमाने भरवतात, तेव्हा त्यांना हे नावानिशी सांगून ठेवा.

शी-शूचं. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ संपल्यावर, या तीन वेळी पिल्लाला हमखास जावं लागतं. दोन-अडीच महिन्यांचं पिल्लू जागेपणी दोन तासांच्या वर धरू शकत नाही, हे आम्ही आधी मान्यच करत नव्हतो. लसी पूर्ण व्हायच्या होत्या आणि वर पाऊस. म्हणून बाल्कनीच्या कोपऱ्यात कृत्रिम हिरवळीचा तुकडा टाकला. मी त्याला उचलून तिथे ठेवायचे, तो करत असताना हळू आवाजात "शू कर" म्हणायचे आणि झाल्याबरोबर तिथेच पनीर. रात्री दोनला आणि पहाटे पाचला गजर लावून उठत होतो, तीन आठवडे. घरात झालं तर न बोलता पुसायचं. फरशीला अमोनियाचा वास असलेलं काही लावू नका. पिल्लाला तो वास लघवीसारखाच येतो आणि जागा पक्की होते. फिनाईलही मी बंद केलं, कारण पिल्लू फरशी चाटतं. एन्झाइमवालं द्रावण मिळतं त्याने वास खरंच जातो.

चावण्याने सगळ्यात जास्त रडवलं. लेक दोनदा रडली, मी एकदा. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात आणि ते सुईसारखे असतात. चौथ्या महिन्याच्या सुमाराला ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. मधल्या काळात हिरड्या शिवशिवतात. आम्ही जुन्या सुती ओढणीला गाठी मारून, भिजवून फ्रीझरमध्ये ठेवायचो. अख्खं गाजरही गार करून द्यायचो. हाताला दात लागले की खेळ तिथल्या तिथे बंद, उठून अर्धा मिनिट पाठ फिरवून उभं राहायचं. ओरडलं, हात झटकला, पळालं, की त्याला तो खेळच वाटतो.

पण खरं कारण उशिरा कळलं. रोज संध्याकाळी सात ते आठ तो पिसाळल्यासारखा करायचा, पडदे ओढायचा, पोटऱ्या धरायचा. आम्हाला वाटायचं याला व्यायाम कमी पडतोय, म्हणून अजून खेळवायचो. उलट होतं. या वयाचं पिल्लू दिवसातले अठरा-वीस तास झोपतं आणि आमच्या घरात, शाळेतून आलेली लेक, शेजारची मुलं, भाजीवाला, बेल, त्याला झोप मिळतच नव्हती. साडेसहाला दिवा मंद करून त्याला त्याच्या खोक्यात, माझ्या जुन्या ओढणीवर ठेवायला लागले. चौथ्या दिवसापासून संध्याकाळ निम्म्याने शांत झाली. पेंगुळलेलं मूल किरकिर करतं हे प्रत्येक आईला माहीत असतं. पिल्लाच्या बाबतीत ते मला सुचायला महिना लागला, याचं वाईट वाटतं.

शेवटचं, पोळी. सासूबाई जेवताना त्याला तुकडा टाकायच्या. रोज नाही, कधीतरी. पण रोज मिळणाऱ्यापेक्षा कधीतरी मिळणाऱ्या गोष्टीचा नाद जास्त चिवट असतो. पिल्लू दहा वेळा रिकामं बसून अकराव्या वेळेची वाट बघायला शिकतं. त्यांना "देऊ नका" म्हणणं मला जड गेलं, त्यांचा जीव आहे त्याच्यावर. मग असं ठरलं की पोळी द्यायची, पण आपलं जेवण उरकल्यावर, त्याच्या ताटलीत, त्याला "धीर" म्हणून. आता हे काम त्यांचंच आहे. आम्ही जेवत असताना तो गादीवर पडून असतो, नजर फक्त त्यांच्यावर.

तुमचे अनुभव लिहा, काही चुकत असेल तर सांगा.

---

निंबोणी

फार मनापासून लिहिलंय, धन्यवाद. "बस"चं वाचून आमच्या घरातही हेच चाललंय हे लक्षात आलं.

आम्ही नागपूरला. आमच्याकडे तीन महिन्यांची लॅब्राडोर पिल्ली आहे, नाव रेवडी. लसी झाल्यात. सकाळी तिला खाली नेतो, अर्धा अर्धा तास फिरवतो, ती सगळं हुंगते, पानांशी खेळते, पण शू करत नाही. घरी आलो की दारातल्या पायपुसण्यावर लगेच. रोज. माझे वडील म्हणतात मुद्दाम करते. खरंच मुद्दाम करत असेल का?

---

ओसरी

निंबोणी, मुद्दाम नाही हो. बाहेर इतके नवे वास आणि आवाज असतात की ती विसरते. घरी आल्यावर अंग सैल पडतं, आणि पायपुसणं पायाला गवतासारखं लागतं. शिवाय तिथे तिचा वास मुरलाय, तर आधी ते पायपुसणं पंधरा दिवस उचलून ठेवा.

उठल्याबरोबर उचलून थेट खाली न्या, घरात चालू देऊ नका. एकच जागा ठरवा, एखादं झाड, आणि तिथे पट्टा धरून नुसते उभे राहा. बोलायचं नाही, खेळायचं नाही. पाच मिनिटं. नाही केली तर उचलून वर, दहा-पंधरा मिनिटं मांडीवर किंवा पट्ट्यासकट जवळ, परत खाली. दोन-तीन फेऱ्या होतील. तिची शू टिपलेला फडक्याचा तुकडा त्या झाडाखाली ठेवलात तर मदत होते.

बक्षीस खिशात हवं, घरी नको. शू संपली त्याच क्षणी, तिथेच. घरी येऊन दिलंत तर तिला वाटतं घरी आल्याचं मिळालं. आणि झाल्यावर लगेच वर आणू नका, आता फिरवा. शू केली की फिरणं संपतं हे कळलं तर ती जास्तच धरून ठेवेल.

---

जुना_वाडा

लेख वाचला. प्रांजळपणे लिहिलाय, म्हणून मीही प्रांजळपणे लिहितो. आमच्या सातारच्या वाड्यात वडिलांनी अल्सेशियन पाळले होते, एकामागून एक तीन. घरात घाण केली की नाक त्यात धरायचं आणि वर्तमानपत्राच्या सुरळीचा एक फटका. जेवायला आधी माणसं, मग कुत्रा. दारातून आधी माणूस, मग कुत्रा. कळपात म्होरक्या कोण ते त्याला कळलं पाहिजे, असं वडील म्हणायचे. तिन्ही कुत्री एका शब्दात ऐकायची. हे पनीर, गाजर, मऊ बोलणं यात कुत्रा डोक्यावर बसत नाही का?

---

ओसरी

जुना_वाडा, तुमच्या वडिलांना कुत्र्यांची कळकळ होती हे दिसतंय. आणि एक मोठी गोष्ट त्यांच्याकडे होती: नियम रोज तेच आणि घरातल्या सगळ्यांचे तेच. मला वाटतं कुत्री ऐकायची ती त्याच्यामुळे.

नाक धरण्याबद्दल मात्र सांगते. पिल्लू एखाद्या गोष्टीचा परिणामाशी संबंध जोडतं तो क्षणा-दोन क्षणांत. पाच मिनिटांपूर्वीच्या शूबद्दल फटका बसला तर त्याला कळतं एवढंच की माणूस आणि ओली फरशी एकत्र दिसली की मार पडतो. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं. आमच्याही घरी पहिल्या आठवड्यात नवऱ्याने एकदा जोरात दरडावलं, आणि पुढचे चार दिवस तांबू त्याच्यासमोर बाल्कनीतसुद्धा शू करेना. कान पाडून, शेपूट पायांत घालून माझ्याकडे यायचा. नवऱ्याला ते फार लागलं.

म्होरक्याची कल्पना आली लांडग्यांवरून. रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या बंदिस्त लांडग्यांचा अभ्यास १९४७ मध्ये प्रसिद्ध केला, तिथून ती पसरली. पुढे डेव्हिड मेच यांनी कॅनडातल्या एल्समियर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं जवळून पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरं. मारामारीतून ठरलेला म्होरक्या तिथे नसतो. स्वतः मेच यांनीच आधी ती जुनी कल्पना लोकांपर्यंत नेली होती, आणि चूक कळल्यावर त्यांनीच ती दुरुस्त केली, याचं मला फार कौतुक वाटतं.

लाड आणि शिस्त यात मला विरोध दिसत नाही. तांबूला सोफ्यावर मनाई आहे, म्हणजे पाहुणे असले तरी, ताप असला तरी मनाईच.

---

जुना_वाडा

पटलं. सोफ्यामागे जाणं आमच्या दुसऱ्या कुत्र्याचंही होतं, माळ्याच्या जिन्याखाली जायचा. आम्ही त्याला लबाड म्हणायचो. आज वाटतं, बिचारा घाबरत होता.

---

पांजरपोळ

मी पशुवैद्यक आहे, सांगली भागात काम करतो. धागा चांगला चाललाय. दोन-तीन गोष्टींची भर घालतो.

जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पिल्लांवर काम केलं, १९६५ साली ते सगळं प्रसिद्ध झालं. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ असा असतो की पिल्लू जे बघेल ते जगाचा भाग म्हणून स्वीकारतं. त्यानंतर नवीन दिसेल ते आधी संशयास्पद. अडचण अशी की लसीही याच काळात चालू असतात. सहा ते आठ आठवड्यांना पहिली, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या, सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांना. पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार, त्याचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, त्यामुळे पिल्लू रस्त्यावर खाली सोडायला आम्ही मनाई करतो. लोक त्याचा अर्थ "घराबाहेर काढायचंच नाही" असा घेतात. चार महिन्यांनी पिल्लू पहिल्यांदा रिक्षाचा आवाज ऐकतं आणि मुततं.

कडेवर घेऊन बाहेर न्या. मंडईच्या कोपऱ्यावर, शाळा सुटताना फाटकापाशी, बसस्टॉपवर दहा मिनिटं उभे राहा. हेल्मेटवाला, काठीवाले आजोबा, फुगेवाला, बँडचा सराव, सगळं लांबून दाखवा आणि तोंडात खाऊ द्या. ज्यांच्या कुत्र्यांना लसी दिल्यात अशा ओळखीच्या घरी खेळायला न्या. दवाखान्यात वजन करायला आणि खाऊ खायला म्हणून सहज येऊन जा, सुई न टोचता. टेबलावर शेपूट हलवणारं पिल्लू मला तपासताही नीट येतं.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. भावंडांशी खेळताना किती जोरात चावलं की समोरचा कळवळतो आणि खेळ थांबतो, हे ते तिथेच शिकतं. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकताही येत नाही.

आणि ओसरी, तुमच्या लेकीला चावल्याचं लिहिलंय म्हणून कळकळीने सांगतो. रेबीजची लस न झालेल्या पिल्लाचा दात लागून खरचटलं, कितीही बारीक, तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. पिल्लू आहे, घरचंच आहे, असं म्हणून सोडायचं नाही. हळद, चुना काही लावायचं नाही.

---

ओसरी

डॉक्टर, हे मी मूळ लेखातच लिहायला हवं होतं. तेव्हा आम्ही लेकीला दुसऱ्या दिवशी नेलं होतं, तिची इंजेक्शनं पूर्ण झाली. पण त्याच दिवशी न्यायला हवं होतं. वाचणाऱ्या सगळ्यांनी ही ओळ लक्षात ठेवा.

---

माडाखाली

आमचं फ्लॅटचं नाही, वाडीचं आहे. गुहागरजवळ. मागच्या वर्षी पिल्लू आणलं, काळू. चौथ्या महिन्यात कोंबड्यांच्या मागे लागला. एक कोंबडी मेली. शेजारी म्हणाले, मेलेली कोंबडी गळ्यात बांध म्हणजे परत जाणार नाही. मला ते करवलं नाही.

मग पंधरा मीटरची दोरी घेतली आणि त्याच्या पट्ट्याला बांधली. पहिल्या दिवशी खुराड्यापासून एवढ्या लांब उभा राहिलो की त्याला कोंबड्या दिसतील पण तो माझ्या हातातलं खाईल. हे अंतर प्रत्येक कुत्र्याचं वेगळं. आमचं माडाच्या चौथ्या रांगेपाशी निघालं. कोंबडीकडे बघून परत माझ्याकडे बघितलं की सुक्या बोंबलाचा बारीक तुकडा, मीठ धुऊन घेतलेला. त्याच्या पुढे गेलो की तो खायचा थांबायचा, कान पुढे, अंग ताठ. मग परत दोन पावलं मागे. सहा आठवडे लागले खुराड्यापर्यंत यायला. या काळात एकदाही मोकळा सोडला नाही, कारण कोंबडीमागे पळणं हेच त्याचं बक्षीस. एकदा मिळालं की माझा बोंबील कोण विचारतो.

आता कोंबड्या त्याच्या पाण्याच्या भांड्यातून पितात. रात्री तो पडवीत आत झोपतो, बांधून बाहेर ठेवत नाही. आमच्याकडे बिबट्या फिरतो.

---

सदाफुली

सोसायटीवाल्यांसाठी विचारते. आमचा चार महिन्यांचा पग लिफ्टमध्ये प्रत्येकावर उडी मारतो. काही लोक लाड करतात, काही घाबरतात. समितीने तोंडी सांगितलंय की कुत्र्याला जिन्याने न्या. आठवा मजला आहे, आणि पगला तेवढ्यातच धाप लागते. शिवाय पहिली दिवाळी पलंगाखाली थरथरत गेली त्याची, बघवत नव्हतं.

---

ओसरी

सदाफुली, भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. पाळीव कुत्र्यांना लिफ्ट वापरायला मनाई करता येत नाही असं त्यात स्पष्ट आहे. त्याची प्रत समितीला नम्रपणे द्या. लायसन्स आणि रेबीजच्या लसीचं कार्डही सोबत ठेवा. पण मला मनापासून वाटतं की घाबरणाऱ्या माणसाला लिफ्टमध्ये सुखाने उभं राहता आलं पाहिजे, आणि ती जबाबदारी आपली आहे. त्यामुळे कागद एकीकडे आणि शिकवणं एकीकडे, दोन्ही चालू ठेवा.

उडी मारली की माणूस त्याच्याकडे बघतो, हात लावतो, ओरडतो. त्याला यातलं काहीही चालतं. म्हणून चारही पाय जमिनीवर असले तरच लक्ष, नाहीतर सगळ्यांनी पाठ फिरवायची. लाड करणाऱ्यांनाच हे हात जोडून सांगावं लागतं. मी तांबूला रिकाम्या लिफ्टमध्ये, दुपारी तीनला, कोपऱ्यात माझ्या पायामागे बसायला शिकवलं. दार उघडलं की "सिट", बंद झालं की खाऊ. मग लेक मधल्या मजल्यावरून चढायची. मग शेजारचे काका. तीन आठवडे लागले. आता लिफ्टचं दार वाजलं की तो स्वतःच मागे सरकून बसतो. शेजारच्या आजींना कुत्र्यांची भीती आहे, त्या आल्या तर आम्ही पुढची लिफ्ट घेतो.

फटाक्यांसाठी आम्ही गणपती झाल्यावर सुरुवात केली. मोबाइलवर फटाक्यांचा आवाज, इतका हळू की कान हलावा पण खाणं थांबू नये, आणि तेवढाच वेळ चिकन. रोज पाच मिनिटं. आवाज आठवड्याने किंचित वाढवायचा. दिवाळीच्या चार दिवसांत फिरणं उजेडीच उरकलं, पट्टा दुहेरी बांधला, आतली खोली, जाड पडदे, पंखा आणि टीव्ही चालू. तरी लक्ष्मीपूजनाला साडेनऊला मोठी माळ लागली तेव्हा तो घाबरलाच. त्याला जवळ घेतलं. घाबरलेल्याला जवळ घेतलं की भीती वाढते असं म्हणतात, ते खरं नाही, निर्धास्त जवळ घ्या. खूपच थरथरत असेल तर पुढच्या वर्षी महिनाभर आधी डॉक्टरांशी बोला, औषधं असतात.

---

हानोफरची_वाट

आम्ही जर्मनीत हानोफरला असतो. इथे लोअर सॅक्सनी राज्यात २०१३ पासून नियम आहे की नव्याने कुत्रा पाळणाऱ्याने परीक्षा द्यायची. लेखी परीक्षा कुत्रा आणायच्या आधी, आणि प्रत्यक्ष परीक्षा कुत्र्याला घेऊन पहिल्या वर्षात. मी दोन्ही दिल्या. प्रत्यक्ष परीक्षेत बाई आमच्याबरोबर गावातून, सायकलींमधून, बेकरीसमोरून चालल्या. मी पट्टा कसा धरते, समोरून लहान मूल आलं की काय करते, कुत्री घाबरली हे मला वेळेत दिसतं का, हेच बघत होत्या. आमच्या कुत्रीने दोनदा पट्टा ओढला तरी त्या काही बोलल्या नाहीत. मी मोबाइल काढला तेव्हा मात्र बोलल्या.

पट्टा ओढण्यावर एकच गोष्ट कामी आली. पट्टा ताणला की मी जागच्या जागी थांबायचं, सैल झाला की चालायचं. पहिल्या दिवशी घरापासून कोपऱ्यापर्यंत, शंभर पावलांना, पंचवीस मिनिटं लागली. डिसेंबर होता, बोटं गोठली होती. दहाव्या दिवशी चार मिनिटं. नवरा मात्र तिला ओढत न्यायचा, म्हणून तिच्यासाठी माझं फिरणं वेगळं आणि त्याचं वेगळं झालं. ओसरी, फ्रिजवरच्या कागदाचं वाचून काल आम्हीही एक लावला. आमची कुत्री मराठी आणि जर्मन दोन्ही ऐकते, पण बोलवायला आता एकच शब्द.

---

ओसरी

बोलवण्यावरून आठवलं. "धाव" म्हटल्यावर तो आला की त्याला आवडणार नाही असं काही करायचं नाही, हा आमचा सगळ्यात कडक नियम आहे. अंघोळ, कानात औषध, नखं, खेळ संपवून पट्टा लावणं, यासाठी आपण उठून त्याच्याकडे जायचं. एकदा लेकीच्या हातून पट्टा सुटला आणि तो फाटकाकडे पळाला, बाहेर डंपर वळत होता. सासूबाई बाकावर बसल्या होत्या. त्यांनी "धाव" अशी हाक मारली आणि तो वळला. त्यांच्या पदराला त्या दिवशी पनीरचा तुकडा बांधलेला होता, तो त्यांनी त्याला तिथेच दिला आणि मग पाच मिनिटं त्यांच्याने उठवेना.

---

निंबोणी

ओसरी, नऊ दिवस झाले. पायपुसणं उचललं, कडुनिंबाखालची जागा ठरवली, रोज उठल्याबरोबर उचलून खाली. पहिले पाच दिवस काहीच नाही. वडील रोज विचारायचे.

आज सव्वासहाला रेवडीने केली. बाहेर. कडुनिंबाखाली.

---

ओसरी

अरे वा! खाऊ तिथेच दिलात ना?

---

निंबोणी

वडिलांनी दिला. आज तेच घेऊन गेले होते तिला, पनीर सदऱ्याच्या खिशात घेऊन. मी गॅलरीतून बघत होते.